तोकडी कॉइल

सरोजाबाईंच्या विजेच्या शेगडीची कॉइल तिसऱ्यांदा तुटली ती नेमकी रविवारी सकाळी, मुलाकडचे लोक हरिताला बघायला यायच्या तासभर आधी.

"जळका तुकडा काढून टोकं पिळते, अम्मा," हरिता म्हणाली. ती फिजिक्सची बी.एस्सी. होती. "तार तोकडी झाली की रोध कमी, रोध कमी की वीज जास्त. दूध चार मिनिटांत!"

"पिळ. पण त्यांच्यासमोर बोलू नको. मुलगा ईबीतला, म्हणजे वीज बोर्डातला, इंजिनियर. त्याला रिपेरवाली बायको कायला?"

हरितानं टोकं पिळली. तिला हाच मुलगा हवा होता. इतर स्थळांच्या फोटोत खिशाला पेन असे; साईरामच्या खिशाला टेस्टर होता. आणि वीज जास्त झालीच तर फ्यूज जाईल, हा तिचा हिशेब पक्का होता.

साईराम आणि त्याची आई भवानीबाई आले. पसंत पडली तरच माळायचा म्हणून भवानीबाईंनी मोगऱ्याचा गजरा पिशवीतच ठेवला. रिवाजाप्रमाणं सोजीचा शिरा आणि भजी पुढं आली. सरोजाबाईंनी कॉफीचं दूध शेगडीवर चढवलं. कॉइल लाल झाली, पांढरी झाली, आणि बाहेर खांबावर फट्!

घरातला फ्यूज गेला नाही. गल्लीची वीज गेली. बारा घरांच्या टीव्हीवर मालिकेतल्या देवाचा बाण हवेतच विझला.

दोन मिनिटांत दारात गर्दी. "सरोजामामी, तुमच्याकडं ईबीचे इंजिनियर सार आलेत म्हणे!" कोणी वाकलेल्या खांबाची तक्रार सांगू लागलं, कोणी पळणाऱ्या मीटरची. साईरामनं हातातलं भजं ठेवलं, मेन बंद केला आणि फ्यूज उपसला. तारेच्या जागी केसांची पिन.

"ही कोणाची?"

"माझीच, बा," सरोजाबाई म्हणाल्या. "फ्यूज सारखा जायचा. पिन घातल्यापासून एकदा पण गेला नाही!"

"म्हणून खांबावरचा गेला." त्यानं चिमट्यानं कॉइल उचलली. "आणि ही कोणी कापली? अर्धी पण उरली नाही. दुप्पट वीज ओढते ही!"

"दुपटीहून जास्त," हरिताच्या तोंडून निसटलं. "मी कापली. तीनदा."

सरोजाबाईंनी डोळे मिटले.

भवानीबाईंनी विचारलं, "दूध किती वेळात तापतं ग?"

"चार मिनिटं."

"आमच्याकडं वीस. मेलं दर वेळी नवी कॉइल आणतो हा, रूलप्रमाणं."

त्यांनी पिशवीतून गजरा काढला, मुलाच्या हातातली पिन घेतली आणि तिनं तो हरिताच्या वेणीत घट्ट खोचला.

"अम्मा, तो पुरावा आहे!" साईराम ओरडला.

"होता," भवानीबाई म्हणाल्या.