दोन्ही फुलं

देवाची सत्ता अमर्याद असते. मर्यादा घालावी लागते ती तिच्या वापरावर, आणि त्यासाठीच देवस्थान समिती असते.

मांडवगण फराट्याच्या अलीकडच्या ढवळेमळ्यात ही समिती बापूसाहेब पाहतात. पद्धत सोपी आहे. भैरवनाथाच्या दोन्ही खांद्यांना पाण्याने एकेक फूल चिकटवायचं आणि प्रश्न विचारायचा. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. आजवर समितीने विचारलेले सर्व प्रश्न समितीच्याच बाजूने सुटले आहेत. (यावरून देवाचा समितीवरचा विश्वास दिसतो.)

गेल्या वर्षी बापूसाहेबांनी आपल्या शेतातून जाणारा रस्ता बंद करू का, असं विचारलं होतं. उजवं पडलं. (त्या फुलाला पाणी जरा कमी लागलं होतं, पाण्याची टंचाई सगळीकडेच होती.) त्या रस्त्यापलीकडे यंदा दगडाबाईंचा अडीच एकर ऊस उभा होता. सोमवारी तोडणी टोळी येणार होती, आणि रस्ता मिळाला नाही तर ती पुढच्या शेतात जाणार होती.

म्हणून रविवारी दगडाबाई पुन्हा कौल मागायला देवळात आल्या.

"काकू, त्याच रस्त्याचा दुसरा कौल लागत न्हाई," बापूसाहेब म्हणाले. "देवानं दिलेला शब्द देवाला बी फिरवता येत न्हाई."

"आसं व्हय? मग तेवढंच इचारते. देवा, तुला तुझा शब्द फिरवता येतो का?"

बापूसाहेबांनी मनातल्या मनात हिशेब केला. उजवं पडलं तर रस्ता उघडावा लागणार. डावं पडलं तर देवाला न जमणारं काहीतरी निघालं, आणि कमानीवर 'सर्वशक्तिमान' ही अक्षरं तर त्यांनीच स्वखर्चाने कोरून घेतली होती. एकही फूल न पडण्यातच गावाचं हित होतं. त्यांनी हौसराव गुरवाला डोळ्याने खूण केली.

हौसरावाने फुलं निथळेपर्यंत भिजवून लावली. इतकी, की दोन्ही एकदमच घसरून खाली आली.

असा प्रसंग नियमात नव्हता. बापूसाहेब उठले. अध्यक्षाला शोभेल अशा गंभीरपणे ते म्हणाले, "देवाला शब्द फिरवता येतो, आन् येत बी न्हाई. देव काय आपल्या तर्कात बसतो व्हय?"

टाळ्या पडल्या. तोच ठराव म्हणून एकमताने मंजूर झाला.

"म्हंजी दोन्ही एकदम खरं?" दगडाबाईंनी विचारलं.

"व्हय काकू. त्याला काय अवघड हाय?"

"मग बरं झालं. रस्ता बंद बी हाय आन् चालू बी हाय. बंद तुम्ही वापरा, चालू मी वापरते."

सोमवारी उसाची ट्रॉली बापूसाहेबांच्या बांधावरून निघाली, तेव्हा ते धोतर सावरत आडवे आले. "आवो काकू, बंद रस्ता चालू कसा आसंल? कायतरी तर्क पाहिजे का न्हाई!"

"ठरावात न्हाई," दगडाबाई ट्रॅक्टरवरून म्हणाल्या.

बापूसाहेबांना तुम्ही हसण्याचं कारण नाही. निकालाच्या सकाळी, पेपर महिन्यापूर्वीच तपासून झालेले असताना, पोराचे मार्क वाढावेत म्हणून तुम्हीही हात जोडले होते. तेव्हा तर्काची आठवण झाली नव्हती. ती होते, शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आपल्या बांधावर चढला की.