तीन दगडांचे पणजोबा

हसनभाई सरगुरोहांशी ओळख वाढवायची असेल, तर आधी त्यांच्या पणजोबांना भेटावं लागतं. पणजोबा वारलेले आहेत. पण ही अडचण आपल्याला वाटते, हसनभाईंना नाही.

अमिरातीतलं रास अल खैमा शहर मागे टाकून डोंगराकडे वळलं की खजुरांच्या बागांचं एक छोटं गाव लागतं. गावामागे, उघड्या कातळाच्या पायथ्याशी, जुनं कबरस्तान. इथल्या कबरींवर नाव नसतं, गाव नसतं, काही नसतं. नुसता मातीचा उंचवटा आणि त्यात रोवलेले ओबडधोबड दगड. त्यातल्या एका उंचवट्यापुढे हसनभाईंनी मला उभं केलं आणि मातीला सांगितलं, "बाबा, ह्यो जाधव. साताऱ्याचा हाय. टाइल्सच्या कारखान्यात दुसऱ्याच्या मालात खोट काढायचा पगार घेतो. पण मनानं बरा हाय."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सलाम कर. बघतायत ते."

मी केला. माझ्या सासऱ्यांनाही मी इतक्या तत्परतेने कधी नमस्कार केलेला नाही.

हसनभाई मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, दाभोळच्या खाडीवरचे. पंपांच्या सुट्या भागांचं दुकान. वय सत्तरीकडे, दाढी मेंदीची, तोंडात अख्खा दिवस एकच वाक्य: "आधी आमचे, मग वालू!" म्हणजे या देशात आधी सरगुरोह आले आणि वाळू नंतर आली. पणजोबा गलबतातून खजूर आणायला निघाले, वादळात सापडले, इथे लागले, आणि राहिले. या मुलखातली पहिली विहीर त्यांनी खणली. पहिला खजूर त्यांनी लावला. तो आणायलाच ते निघाले होते, मग इथे तो आधी नव्हता कसा, असं मी एकदा विचारलं. हसनभाई म्हणाले, "तू टाइल्स बघ."

कबरस्तानातली एक पूर्ण रांग त्यांची होती. पणजोबा, आजोबा, थोरली चुलती, दर्यावर गेलेला कुणाचासा एक दीर आणि भांडकुदळ म्हणून जरा लांब ठेवलेला एक चुलता. सगळ्यांचे स्वभाव ठरलेले, आजार ठरलेले. पणजोबांच्या कबरीला दोनऐवजी तीन दगड होते. "तिसरा दगड मानाचा," हसनभाई सांगत. "उगाच कुनालाबी देत नाय हे लोक."

नवीन आलेला मराठी माणूस त्यांच्या तावडीतून सुटत नसे. मराठी मंडळातले डॉक्टर, बँकवाले, त्यांच्या पुण्याहून आलेल्या आयांसकट सगळे त्या उन्हात उभे राहून कुणाच्या तरी चुलतीची चौकशी करून आले होते. तिथून परतताना सगळे गाडीत हसायचे आणि पुढच्या पाहुण्याला मुद्दाम पाठवायचे. आपली फजिती झाली की दुसऱ्याचीही व्हावी, एवढ्या एका बाबतीत आमचं मंडळ एकदिलाने काम करतं.

हसण्यात मी सगळ्यांच्या पुढे होतो. वास्तविक मला तोंड नव्हतं. कारण पहिल्या भेटीला जाताना, पूर्वजांचं स्थान म्हणजे रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून मी मोगऱ्याचा हार आणि अर्धा किलो पेढे नेले होते. बारा दिरहमचा हार, म्हणजे आपले जवळजवळ तीनशे रुपये. फाटकाजवळ एक उंच, रुबाबदार दगड दिसला. हेच मूळपुरुष, असं समजून मी हार त्याला घातला, चपला काढून, डोळे मिटून उभा राहिलो. डोळे उघडले तेव्हा एक शेळी हार खात होती. तो दगड शेळ्या बांधायचा होता. हसनभाईंनी माझी आणि शेळीची ओळख करून दिली नाही, हे त्यांचे उपकार.

तर या माणसाचा व्हिसा संपत आला होता. दुकान विकलेलं. पुतण्या इम्तियाज दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये नोकरीला. त्याने कोकणात गावी चाचांसाठी अंगण, पंखा, कमोड असं सगळं असलेली खोली बांधून ठेवली होती. आणि चाचा म्हणत होते, "पाच पिढ्यांचं कबरस्तान टाकून जाऊ? त्यांना कोन हाय?"

इम्तियाज माझ्याकडे आला. इथे वाढलेला मुलगा. वैतागला की मराठी संपते. "अंकल, ही इज नॉट लिसनिंग. व्हिसा गेला की फाइन सुरू होईल. आणि डॅड म्हणायचे, आमच्यातलं पहिलं माणूस इकडे आलं ते चाचाच. प्लेनने! कसले पणजोबा? तुम्ही प्रूव्ह करा ना, इट्स नॉट अवर्स. मग येतील ते."

खोट काढण्याचा मला पगार मिळतोच. ही तर फुकट काढायला मिळत होती. आमच्या कारखान्याची सरकारी कामं बघणारा सईद त्याच डोंगरातल्या गावचा. मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "उधर तो सब मेरा लोग है. चलो, देखेगा."

शनिवारी सकाळी आम्ही चौघे तिथे उभे राहिलो. मी सगळ्यांत पुढे. हसनभाईंनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली, "बाबा, ह्यो सईद..."

"सईद," मी मध्येच म्हणालो, "ये किसका है?"

सईदने पाहिलं. "ये? ये मेरा दादी का अम्मा."

"अम्मा? औरत?"

"तीन पत्थर है ना, हबीबी. आदमी का दो पत्थर, औरत का तीन. बच्चा लोग को भी मालूम है."

मला इतका आनंद झाला की मी तो मराठीत पुन्हा सांगितला. "हसनभाई, तुमचे पणजोबा बाई आहेत! आणि त्या सईदच्या आहेत. गलबतवाले, विहीरवाले पणजोबा, खलास!" इम्तियाजला हसू आलं होतं. मी दाद मिळावी म्हणून हसनभाईंकडे पाहिलं.

पणजोबांच्या पलीकडे, अगदी चिकटून, एक छोटा उंचवटा होता. एवढ्या वेळा मी तिथे उभा राहिलो, पण तो कुणाचा हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. ते त्याच्याजवळ जाऊन खाली बसले. त्यालाही तीनच दगड होते.

"हिला तीन दगड लावले तवा मना वाटलं, गावानं मान दिला," ते म्हणाले. "बाई म्हनून लावले होय."

"चाचा, कोण आहे?" इम्तियाजने विचारलं.

"हलीमा. तुझी चाची. तू जलमला नव्हतास."

मग ते आमच्यापैकी कुणाकडेच न बघता बोलत राहिले. "लगीन करून हिकडं आनली. मी या बागांच्या पंपावर कामाला, दिसभर बाहेर. घरात सासू नाय, ननंद नाय. म्हनायची, मी बोलू कोनाशी? वर्सभरात तापानं गेली. गावानं आपल्या मानसांत जागा दिली. दिली खरी, पन सगले परके. तिला ठेवून परत जाताना माझा पाय उचलंना. मग म्हटलं, हलीमा, हे पनजोबा. ते आजोबा. ती चुलती, तो दीर. घरच्यांत हाय म्हटल्यावर मना जरा झोप लागली."

सईदला शब्द कळत नव्हते, पण त्याने डोक्यावरचा कपडा सारखा केला आणि हात पुढे बांधून उभा राहिला. मी मोबाइल बघू लागलो. तिथे रेंज नसते.

"चूक झाली ती एकच," हसनभाई म्हणाले. "पनजोबांना तिच्या अगदी शेजारी बसवलं. एवढा वडीलधारी मानूस बाजूला. बिचारी इतकी वर्सं डोईवरचा पदर सांभालत गप बसली असंल." मग एकदम मान वर करून त्यांनी सईदला विचारलं, "नाम क्या था उनका? तुम्हारा दादी का अम्मा?"

"शमसा," सईद म्हणाला. "बहुत बोलती थी. मेरा दादी बताता था, इधर बोले तो उधर डोंगर तक सुनाई देता था." डोंगर हा शब्द त्याने आमच्या कारखान्यातल्या मराठी पोरांकडून उचललेला.

"बहुत बोलती थी?"

"बहुत. किसी को चुप नहीं बैठने देता था."

हसनभाईंनी पुन्हा विचारलं, "सच्ची?" आणि सईदने पुन्हा मान हलवली. हसनभाईंनी दाढीवरून हात फिरवला. "हिला अरबी येत नव्हती," ते स्वतःशीच म्हणाले. "पन आता आली असंल."

गुडघ्यावर हात टेकून ते उठले. इम्तियाज सावरायला पुढे झाला, तर त्याचा हात त्यांनी बाजूला केला.

"तिकीट काढ माझं," म्हणाले.

मग पुन्हा वाकले आणि त्या छोट्या कबरीला, आम्हाला ऐकू जाऊ नये अशा बेताने, पण मी जवळच उभा होतो म्हणून मला ऐकू आलंच, म्हणाले:

"पदर सोड गो, हलीमा. बाईच हाय."