बेबंद मंडळाची नियमावली

योस्त फान मीर्स हे एकोणिसाव्या शतकातले अ‍ॅम्स्टरडॅमचे कफल्लक नाट्यसमीक्षक. त्यांच्या कोंडाळ्यात कुणीही यावं, कुठेही बसावं, काहीही बरळावं, असा शिरस्ता होता. दोन हजार वीसच्या लॉकडाउनमध्ये आइंडहोव्हनच्या आठ मराठी इंजिनिअरांना हे कोंडाळं इतकं भावलं, की त्यांनी तसंच एक बेबंद मंडळ ऑनलाइन काढलं आणि बेबंदपणात गोंधळ नको म्हणून त्याची बावीस पानी नियमावली केली.

त्याच गावात राहणाऱ्या बळवंतला नाटकातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण विमानं बंद झाली आणि त्याची बायको अकोल्याला अडकली. तीन आठवड्यांत त्याच्याशी बोललं कोण, तर आल्बर्ट हाइन सुपरमार्केटमधलं बिलाचं यंत्र! माणसाला माणूस लागतंच हो. त्याने मंडळाकडे अर्ज केला.

"बेबंद जगण्याचा पुरावा जोडलेला नाही," सचिव नीलिमाताईंनी कळवलं.

त्याने खरकट्या भांड्यांचा फोटो पाठवला.

"ही एकाच दिवसाची दिसतात. सलग चार दिवसांची लागतात."

बळवंतने इमानेइतबारे चार दिवस भांडी घासली नाहीत. पाचव्या दिवशी प्रवेश मिळाला, पण सशर्त. शनिवारच्या बैठकीत त्याने दहा मिनिटांचा नाट्यप्रवेश करायचा, मग मंडळ त्याची समीक्षा करणार.

नेमका शुक्रवारी त्याला ताप भरला. शनिवारी तो ब्लँकेट गुंडाळून, खोकत खोकत कॅमेऱ्यासमोर बसला.

"प्रसन्नराव," तो अध्यक्षांना म्हणाला, "नाटक राहू द्या. एकशे दोन ताप आहे. हाउसआर्ट्स, म्हणजे इथले फॅमिली डॉक्टर, फोनवर पॅरासिटामॉल घ्या म्हणतात, तीही संपलीय. फार भीती वाटतेय हो. कुणी दाराबाहेर गोळ्या आणि थोडा वरणभात ठेवून जाल का?"

आठही चौकटींतून टाळ्या.

"काय वास्तववाद आहे!" प्रसन्नराव म्हणाले. त्यांचं घर बळवंतपासून सायकलने तीन मिनिटांवर.

"खोकला मध्येच रेंगाळला," नीलिमाताई म्हणाल्या. "आणि वरणभात जरा भावनिक होता."

"अहो, नाटक नाहीये हे! आईशप्पथ!"

"वा! वा!"

समीक्षेच्या वेळी कलाकाराने बोलू नये, असं नियम सतरा सांगतो. त्याचा माइक बंद करण्यात आला.

रविवारी अकराशे शब्दांचं परीक्षण आणि बळवंतची क्लिप नेदरलँड्समधल्या सगळ्या मराठी ग्रुपांवर फिरली. झूटरमेरपासून एनस्खेडेपर्यंत चारशे अंगठे आले. पुढचा प्रयोग कधी, असंही काहींनी विचारलं. तुम्हीही खोकल्यापाशी खुदकन हसलात, नाही म्हणू नका. आणि बळवंतचा ताप उतरला की नाही, हे तुम्हीसुद्धा अजून विचारलेलं नाही.