कपाटातला साठचा बल्ब

भांडुपच्या श्रमसाफल्य सोसायटीतली बेचाळीसच्या बेचाळीस घरं एलईडी झाली आणि सेक्रेटरी प्रीतम मेस्त्रीचे पाय जमिनीवर ठरेनात. दोन वर्षं तो दारोदार सांगत फिरला होता, "नऊ वॅटमध्ये साठचा उजेड, बिल कमी, सारखं बदलायची कटकट नाही." शेवटचा पिवळा बल्ब नेमका त्याच्याच घरी निघाला, तोही बंद कपाटात. वडील धाकू भातलावणीसाठी गावी गेले होते. प्रीतमने बल्ब काढून तिथे एलईडी लावला आणि जुन्याची सोसायटीच्या ऑफिसात, क्रिकेटच्या कपांशेजारी काचेच्या शोकेसमध्ये प्रतिष्ठापना केली. खाली ठसठशीत कार्ड लावलं: 'आपल्या इमारतीतला शेवटचा बिनकामाचा बल्ब.'

गोकुळाष्टमीच्या सकाळी धाकू गावाहून आले, अंघोळ करून कपाटाशी गेले आणि आत ठेवलेल्या पखवाजावर त्यांनी थाप मारली. एरवी त्या थापेने भिंतीवरचं कॅलेंडर हलायचं. आज ओल्या गोणपाटावर चापट मारल्यासारखा आवाज आला.

"प्रीतम, हयलो बल्ब खंय गेलो?"

"बदलला ना बाबा. बघा, काय झकास उजेड पडलाय."

"पखवाज काय पेपर वाचता?" धाकूंनी शांतपणे विचारलं. "पावसात चामड्याक ओल लागता. माका उजेड नको, ऊब व्हयी."

प्रीतमने एलईडीला हात लावला. तो धड कोमटही नव्हता. हाच त्याचा गुण प्रीतमने बेचाळीस घरांत वाखाणला होता.

संध्याकाळी सोसायटीच्या देवळात मुलुंडच्या भजनी मंडळाशी सामना होता. धाकू तीस वर्षं पखवाजाला बसत होते. गेल्या वर्षी हरलेले मुलुंडकर या वेळी वचपा काढायला येणार होते.

"उन्हात ठेवू या का?" प्रीतम म्हणाला. धाकूंनी खिडकीकडे बोट दाखवलं; बाहेर पाऊस धो धो कोसळत होता. प्रीतमची बायको जान्हवी हिने आपला हेअर ड्रायर आणला. तो पाऊण तासात स्वतःच तापून बंद पडला. नाक्यावरच्या दुकानात साठचा बल्ब मागितला, तर दुकानदार म्हणाला, "साहेब, तुम्हीच म्हणालात ना, आता हे कोण घेणार? मी ठेवायचेच बंद केले."

प्रीतम भिजून हात हलवत परत आला.

"अरे, ऑफिसात आहे ना तो बल्ब," जान्हवी म्हणाली.

"तो परत लावला तर शंभर टक्क्यांची वाट लागेल. आज चेअरमन पाहुण्यांना शोकेस दाखवणार आहेत."

"आणि मुलुंडकरांपुढे बाबा काय वाजवणार? शोकेस?"

प्रीतमने आत पाहिलं. धाकू पखवाज मांडीवर घेऊन फडक्याने पुसत होते. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. शाळेत 'पखवाजवाल्याचा पोरगा' म्हणून आपण छाती काढून फिरायचो, हे प्रीतमला आठवलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली. त्याने निमूटपणे शोकेसची चावी उचलली.

बल्ब दिवसभर कपाटात जळला. संध्याकाळी धाकूंची पहिली थाप पडली आणि मुलुंडकरांनी एकमेकांकडे पाहिलं. दुसऱ्या गजराला देऊळ घुमू लागलं. "बाबा आहेत माझे," प्रीतम शेजारच्याला सांगत होता. शेजारचा तिसऱ्या मजल्यावर वीस वर्षं राहत होता.

सामना जिंकल्यावर चेअरमन पाहुण्यांना घेऊन ऑफिसात गेले. शोकेसमधली मोकळी जागा आठवून प्रीतम त्यांच्यामागे धावला. पण जागा मोकळी नव्हती. दुपारी धाकूंनी जान्हवीकडून चावी मागून घेतली होती. कार्डाच्या वर, पुसून लख्ख केलेला, कपाटातला नऊ वॅटचा एलईडी उभा होता.

चेअरमननी कार्ड दोनदा वाचलं. "मेस्त्री, हे काय?"

प्रीतमने दारातून देवळाकडे पाहिलं. धाकू पखवाजाला खोळ घालत होते.

"बरोबर आहे," तो ताठ मानेने म्हणाला. "आमच्याच घरातला आहे."