आमच्या खोलीत ऊन पडतं!

कुरवंड्यात होमस्टे काढायचा तर डोकं लागतं, आणि ते देवानं अख्ख्या गावात मला एकट्यालाच दिलंय, असं माझं परवापर्यंत प्रामाणिक मत होतं!

घर आमचं जुनं, कौलारू. पावसाळ्यात भिंतींना ओल, उन्हाळ्यात आत नुसती भट्टी. मी पुढच्या खोलीला कौलांखाली प्लायचं छत मारलं, फटी बुजवल्या आणि गरम-गार दोन्ही हवा देणारा एसी बसवला.

"अहो, ढग घरात शिरतायत आणि एसी कसला लावताय?" बायको म्हणाली.

"कोमल, पाहुण्यांना ऊब नको?"

"बरं. पण पहिलं बुकिंग बोंबललं, तर मुकाट्यानं कामशेतला बाबांच्या तांदळाच्या दुकानात बसायचं!"

सासऱ्यांच्या दुकानात! दिवसभर उपदेश ऐकत! त्यापेक्षा मी नागफणीच्या सुळक्यावर तंबू ठोकून राहीन!

पण शनिवारचं बुकिंग आलंसुद्धा! निगडीचं जोडपं, सत्यम आणि अपेक्षा. शुक्रवारी पप्पू मेकॅनिक एसी चालू करून गेला, आणि अशी ऊब सुटली म्हणता, की माझी छाती फुगली. तसाच दूध घालायला डेअरीवर गेलो आणि चारचौघांत बोलून बसलो, "बाहेर कितीबी कोसळू द्या, आमच्या खोलीत ऊन पडतं, ऊन!"

इथंच माती खाल्ली. गावात तीन आठवडे ऊन दिसलं नव्हतं. घरोघरी कुबट कपडे लोंबत होते. आणि आमच्याकडची रीत अशी, की पावसाळ्यात ज्याच्या घरी ऊब, त्याच्या घरी आळीचं वाळण. नाही म्हणायची सोय नाही!

शनिवारी सकाळी लोणावळ्याहून भाजी घेऊन आलो, तर दारात चपलांचा ढीग! आत पडद्यांच्या दांडीवर साड्या-परकर, पंख्याच्या पात्यांवर शाळेचे गणवेश, पाहुण्यांच्या पलंगावर गोधड्या. एसीखाली खुर्ची टाकून शेजारच्या कस्तुरामावशी पायमोजे शेकत होत्या.

"मावशी, हे काय?"

"आरं, तूच म्हनलास न्हवं, ऊन पडतंय? लय ब्येस हाय बाबा. जरा वाढीव की!"

"आई!" मी किंचाळलो.

आई गोधडी उलटी करत म्हणाली, "वरडू नगंस. म्याच बोलावलं समद्यांना. पावसाळ्यात कुनाला न्हाई म्हनायचं व्हय?"

"अगं, पाहुणे येतायत!"

"येऊ देत. त्यांचंबी वाळत घालू."

मी चिडून एक साडी ओढली. दांडीच खाली आली! साड्यांच्या ढिगातून डोकं बाहेर काढतो, तर दारात एक तरुण जोडपं. धबधब्यात भिजून नखशिखांत ओलं!

"अपेक्षा, इथं लाँड्री आहे बघ!" तो म्हणाला. "काका, आमचे अर्जंट वाळवून द्याल?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "द्या की! पिशवी ठेवा तितं."

"थँक्यू, आजी! आणि हनुमंत होमस्टे कुठं आहे हो?"

हनुमंत म्हणजे मीच! पण डोक्यावर कस्तुरामावशींचा परकर घेऊन 'मीच तो मालक' असं कुठल्या तोंडानं सांगणार? त्यानं फोन लावला. माझा खिसा वाजायला लागला. मी खिशातच गळा दाबला त्याचा.

"उचलत नाही हो हा माणूस!"

"बेजबाबदार आहे तो," माझ्या तोंडून निघून गेलं. "तुम्ही कुसगावला हॉटेल बघा."

आणि गेले की ते! संध्याकाळी कपडे न्यायला आले, तेव्हा मी त्यांच्या जीन्सच्याही घड्या घालून ठेवल्या होत्या. दुसरं करण्यासारखं उरलंच काय होतं?

रविवारी कोमलला समजावत होतो, "तक्रार आली नाही, म्हणजे बोंबललं असं नाही म्हणता येत..." तेवढ्यात रिव्ह्यू आला. तिनं तो मोठ्यानं वाचला.

"एक स्टार. मालक फोन उचलत नाही. तो बेजबाबदार आहे, असं तिथले लाँड्रीवाले काकाच सांगतात. काका मात्र देवमाणूस!"

सोमवारपासून मी कामशेतच्या दुकानात बसतोय. कोमलनं बाबांनाही रिव्ह्यू वाचून दाखवला, पण काका कोण ते काही सांगितलं नाही. सासरे रोज सकाळी दुकान उघडताना मला सुनावतात, "जावईबापू, त्या लाँड्रीवाल्याकडून काहीतरी शिका!"