फर्दापूरचा लाल मफलर

मराठवाड्यात गुप्तहेर एकच, तो म्हणजे बद्रीनाथ. हे खुद्द बद्रीनाथनंच पाटीवर रंगवून घेतलं होतं. पाटी भर चौकात, वर दिवा लावून, म्हणजे गुप्तपणा कुणाच्या नजरेतून सुटायला नको. जालना जिल्ह्यात पळालेली एक शेळी सापडल्यापासून तो स्वतःला 'आंतरजिल्हा' म्हणवून घेई. शेळी आपल्या पायांनी परत आली होती, हे त्याची बायको आणि एकुलती एक मदतनीस द्वारकाबाई कुणाला सांगत नसे. संसार तिलाही करायचा होता.

त्या दिवशी पहाटेच फर्दापूरहून लॉजमालक कमरोद्दीनचा फोन आला. अजिंठा बघायला आलेल्या जपानी पाहुण्याचा लाल मफलर गायब झाला होता. आशियातल्या फुटबॉल क्लबांच्या अजिंक्यपदाचा अंतिम सामना दुपारी साडेतीनला. पाहुण्याचा संघ विरुद्ध सौदीचा. मफलर गळ्यात नसला की संघ हरतो म्हणे. पाहुण्यानं अन्नपाणी सोडलं होतं.

दोघं स्कूटरवरून पोचले, तेव्हा कमरोद्दीन रडकुंडीला आला होता. "इंटरनेटवर 'चोरांचा लॉज' लिहील तो. धंदाच बसंल माझा."

"सौदीचा हात आहे," बद्रीनाथनं भिंग काढत जाहीर केलं. "तुमच्या टेबलावर खजूर कसे?"

"सिल्लोडच्या बाजारातले हैत, साहेब."

"म्हणजे सिल्लोडपर्यंत पोचले!"

मग संशय लॉजमागच्या वानरांवर गेला. बद्रीनाथ एकाचा जबाब घ्यायला झाडाखाली उभा राहिला. वानरानं भिंग नेलं. शेवटी बद्रीनाथनं पाहुण्यालाच धरलं: विम्यासाठी रचलेला बनाव! पाहुण्यानं भांबावून वाकून नमस्कार केला.

"बघ, कबुली," बद्रीनाथ म्हणाला.

द्वारकाबाईनं वही मिटली. "कमरोद्दीनभाई, तुमच्याकडं धुणं कोण धुतं?"

धुणं भागूबाई धुवायची. ती मागं परसात होती. "त्यो लाल पट्टा व्हय? धुतला की चादरींसंगं. लई वास मारत व्हता."

तारेवर मफलर निथळत होता. तो बघून पाहुणा मटकन खाली बसला. त्याच्या मोबाइलनं त्याचं बोलणं मराठीत ऐकवलं: "पूर्ण स्पर्धेत मी तो धुतला नाही. त्यात नशीब होतं."

"नशीब नाय बाबा, घाम व्हता," भागूबाई म्हणाली. "दोन पाण्यात निघाला."

ओला मफलर गळ्यात घालून, शिंकत शिंकत पाहुण्यानं सामना पाहिला. अगदी शेवटच्या मिनिटाला त्याच्या संघानं विजयी गोल केला आणि कमरोद्दीनलाच आधी रडू फुटलं. पाहुणा भागूबाईसमोर कमरेत वाकला. मग तिच्याकडून उरलेली साबणाची वडी दोन्ही हातांनी मागून घेतली, रुमालात गुंडाळली आणि पासपोर्टाशेजारी ठेवली.

बद्रीनाथचे डोळे बारीक झाले. "साबण का नेला? त्यात नक्की काहीतरी दडलंय."

"सोडा," भागूबाई म्हणाली.

द्वारकाबाईनं स्कूटर चालू केली.