पाय पाहणाऱ्या मावशी

आमच्या शेजारच्या मावशी माणसाच्या तोंडाकडे आधी पाहायच्याच नाहीत. दारात कोणी आलं की त्यांची नजर थेट खाली जायची, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत एक चक्कर मारायची, आणि मग त्या मान वर करून विचारायच्या, "कोण पायजे?"

माझ्या नणंदेच्या लग्नात सगळ्या बायका नवरदेव दिसायला कसा आहे ते बघत होत्या. मावशी माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "पोट्टा चांगला आहे. पण उजव्या अंगठ्याचं नख आत घुसून राहिलं. जोडे बदलाले सांग त्याले."

मावशी मिशनच्या दवाखान्यात आया होत्या. कोणी 'सिस्टर' म्हटलं की लगेच दुरुस्त करायच्या, "सिस्टर नाही. आया." निवृत्त झाल्यावर त्यांनी एक काम स्वतःच अंगावर घेतलं. ज्या म्हाताऱ्यांना वाकता येत नाही, त्यांच्या पायाची नखं काढायची. एका कापडी पिशवीत नेलकटर, जुना टॉवेल, खोबरेल तेलाची बाटली आणि एक प्लॅस्टिकचा टब घेऊन त्या रायपूरच्या आमच्या तात्यापारा मोहल्ल्यात घरोघर जायच्या. पैसे घेत नसत. चहा घेत, तोही नखं झाल्यावर.

ऐकायला हसू येतं. पण म्हाताऱ्या माणसाला घरात औषध मिळतं, जेवण मिळतं, टीव्ही मिळतो. पायाची नखं मात्र कोणाच्या लक्षात येत नाहीत, आणि त्याला स्वतःला सांगायची लाज वाटते.

माझ्या सासूबाईंनी आधी पाय आखडूनच घेतले. "तुमच्याकडून पाय कसे धरून घेऊ?"

"काहून? आमच्या प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले," मावशी टबात गरम पाणी ओतत म्हणाल्या, "नखं माह्यासाठी ठेवली."

मग डोळे मिटून एवढंच म्हणायच्या, "प्रभू, इले लागू नको देऊ." आणि कामाला लागायच्या. एखादं जाड नख कापलं जाईना, तर त्याच्याशी बोलायच्या. "ऐकत नाही का? बस मग अजून पाण्यात."

छत्तीसगड वेगळं होऊन रायपूर राजधानी झालं तशी मोहल्ल्यात भोपाळहून आलेली साहेब मंडळी भाड्याने राहू लागली. एका साहेबांच्या आई लंगडत चालायच्या. मुलाने त्यांचे गुडघ्याचे एक्स-रे काढून आणले होते. मावशींनी एकदा त्यांना चप्पल काढायला लावली, आत घुसलेलं नख काढलं, आणि पुढच्या आठवड्यात आजी भाजी घ्यायला स्वतः खाली उतरल्या. मी म्हटलं, "मावशी, आता तर तुमचं काम वाढलं."

"राजधानी झाली म्हणून नखं थांबतील का?"

त्याच सुमारास त्यांच्या चर्चची नवी इमारत उभी राहिली. उद्घाटनाच्या दिवशी मंडळीत सेवा करणाऱ्यांचा सत्कार होणार होता. चर्चच्या कमिटीतले एक गृहस्थ मावशींना रस्त्यात म्हणाले होते, "आपका भी नाम है, आंटी."

मावशी माझ्याकडे आल्या. "मले कायले पायजे सत्कार," असं म्हणाल्या, आणि पिशवीतून एक सुती साडी काढून विचारलं, "तुह्याकडं स्टार्च आहे का?"

मी त्यांच्याबरोबर गेले. त्या एरवी मागच्या बाकावर बसत, त्या दिवशी दुसऱ्या रांगेत बसल्या. नाव आलं की उठून पुढे जायला सोपं जावं म्हणून कडेची जागा घेतली. एकेक नाव पुकारलं जात होतं. गाणी बसवणारे, मुलांना शिकवणारे, जमिनीचे कागद करून देणारे. प्रत्येक नावाला मावशी पदर सावरायच्या, आणि नाव दुसऱ्याचं निघालं की टाळ्या वाजवायच्या. शेवटची शाल पंखे देणाऱ्या ठेकेदाराला मिळाली. मग प्रार्थना झाली आणि लोक उठले.

कोणी मुद्दाम केलं नव्हतं. राहून गेलं, एवढंच.

मी वळून पाहिलं तर मावशी जागेवर नव्हत्या. मागच्या अंगणात त्या चहाचे कप भरत होत्या. साडीवर चहाचा थेंब पडू नये म्हणून पदर खोचला होता.

"मी बोलू का पास्टरांशी?" मी विचारलं.

"नको. त्यांले आज किती कामं."

परत येताना रिक्षात त्या बाहेर बघतच म्हणाल्या, "प्रभूले दिसते. दुसऱ्यांले मी हेच सांगत आली, अन् खोटं नाही सांगितलं." मग म्हणाल्या, "पण शाल कुठं ठेवायची ते मी पाहून ठेवलं होतं, बाई."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो धरू दिला.

घर आलं तरी त्या उतरल्या नाहीत. गल्लीच्या टोकाला एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर राहायचे. त्यांना आता कोणीच आठवत नसे, स्वतःची सूनसुद्धा. आज त्यांच्या नखांचा दिवस होता, आणि पिशवी मावशींबरोबरच होती. मीही गेले.

मावशी स्टार्चच्या साडीतच जमिनीवर बसल्या आणि त्यांचा पाय मांडीवर घेतला. मास्तर वाकून बघायला लागले.

"कोण तू?"

"रूथ. रूथ यशवंत साळवे."

इतकी वर्षं शेजारी राहून त्यांचं पूर्ण नाव मी पहिल्यांदा ऐकत होते.

"रूथ यशवंत साळवे," मास्तर सावकाश म्हणाले. "काय करतेस?"

"तुमची नखं काढून राहिली."

"छान करतेस." त्यांनी हात मावशींच्या डोक्यावर ठेवला. "भलं होवो तुझं, पोरी."

मावशींनी मान खाली घातली. नेलकटर हातात तसाच राहिला. त्या रडत आहेत हे मला पाठीवरून कळलं. मास्तरांना काही कळलं नाही, पण हात त्यांनी काढला नाही.

दुसरा पाय घेईपर्यंत ते सगळं विसरले होते.

"कोण तू?" त्यांनी विचारलं.

मावशींनी डोळे पुसले आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.